जनुकाचा अहवाल आणि सेलेनियमची गोळी

लाळेचा नमुना पाठवून घरबसल्या डीएनए तपासून घेण्याची सोय झाली, तेव्हापासून 'तुमची जनुकं आणि तुमचं पोषण' अशा मथळ्याचे अहवाल लोकांच्या फोनमध्ये येऊन पडू लागले आहेत. जीवनसत्त्वांची पानं संपली की कुठेतरी सेलेनियम या खनिजाचं पान लागतं. त्यावर एका जनुकाचं नाव, त्यातल्या एका जागेचा क्रमांक, त्या जागी तुमच्याकडे असलेली दोन अक्षरं आणि एक लाल किंवा पिवळा गोल. मग अशा अर्थाचा मजकूर येतो, की तुमची अँटिऑक्सिडंट क्षमता सरासरीहून कमी आहे, शरीरातल्या दाहाचा धोका वाढलेला आहे, तेव्हा सेलेनियमचं पूरक घ्यावं. काही वेळा गोळीही तोच विक्रेता विकत असतो.

यातला पहिला भाग खोटा नसतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. सेलेनियमवर चालणाऱ्या प्रथिनांची जनुकं माणसागणिक थोडी वेगळी असतात, हे खरं. त्या वेगळेपणाचा दाहाशी संबंध असल्याचा प्रयोगशाळेतला पुरावाही चांगला आहे. पण तिथून थेट गोळीवर मारलेली उडी विक्रेत्याची आहे, तिच्यामागे संशोधन नाही. माझं म्हणणं असं, की जनुकावरून सेलेनियमची शिफारस करणं हा औषधी दावा मानावा आणि औषधाला लावतो तीच कसोटी त्याला लावावी. ती पार होत नाही तोवर असा सल्ला विकायला मनाई असावी.

वाद कुठे सुरू होतो ते कळायला आधी थोडं विज्ञान हवं, आणि ते देखणंही आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८१७ मध्ये सेलेनियम शोधलं. पुढे बराच काळ ते गुराढोरांचं विष म्हणूनच ओळखलं गेलं. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्त्स यांनी दाखवलं, की ठराविक निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांचं यकृत निकामी होतं आणि लेशभर सेलेनियम दिलं तर ते वाचतं. विष म्हणून बदनाम झालेलं मूलद्रव्य जगायलाही लागतं, हे तेव्हा कळलं. कशासाठी लागतं, याचा पहिला धागा १९७३ मध्ये हाती आला. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, म्हणजे जीपीएक्स, या एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागी सेलेनियमचा अणू बसलेला सापडला.

तो तिथे पोहोचतो कसा, ही आणखी गमतीची गोष्ट. जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएमधली यूजीए ही तीन अक्षरं एरवी 'प्रथिन इथे संपलं' असं सांगतात. पण काही मोजक्या प्रथिनांच्या बाबतीत पेशी त्या खुणेपाशी थांबत नाही, तिथे सेलेनोसिस्टीन नावाचं एकविसावं अमिनो आम्ल जोडते आणि पुढे जाते. कुठे थांबायचं आणि कुठे जोडायचं, हे तिला त्याच आरएनएच्या शेपटाकडच्या एका दुमडलेल्या तुकड्यावरून कळतं. त्याला सेसिस म्हणतात. एसबीपी-२ हे प्रथिन तो तुकडा पकडतं तेव्हाच सेलेनोसिस्टीन बसतं. २००३ मध्ये संशोधकांनी मानवी जनुकसंचात नेमक्या अशाच जागा शोधत नेल्या आणि सेलेनियमची प्रथिनं बनवणारी २५ जनुकं मोजली.

या रचनेमुळे एक वेगळीच गोष्ट घडते. जनुकातला फरक प्रथिनाच्या घडणीत असावा लागत नाही, शेपटात असला तरी तो परिणाम करू शकतो. जीपीएक्स-४ च्या जनुकातला सर्वाधिक अभ्यासलेला फरक असाच सेसिसच्या आसपास आहे. सगळी सेलेनियम-प्रथिनं एकाच अपुऱ्या साठ्यावर जगतात आणि साठा आटला की त्यांच्यात मानपान सुरू होतो. जीपीएक्स-१ लवकर मागे पडतं, जीपीएक्स-४ बराच काळ टिकून राहतं. अवयवांमध्येही मेंदू आणि वृषण यांना आधी वाटा मिळतो. म्हणजे एखाद्या फरकाने किती बिघडेल, हे अंगात सेलेनियम किती आहे यावर ठरतं. नळाची तोटी कशी आहे हे पाहून टाकीत पाणी किती आहे ते कळत नाही. जनुकाचे अहवाल मात्र तोटी पाहून टाकी भरायला सांगतात.

दाहाशी संबंध येतो तो असा. जंतू शिरला किंवा इजा झाली की पांढऱ्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल द्रव्यं तयार करतात. ती जंतूंना मारतात, आणि आजूबाजूच्या पेशींना दाह वाढवण्याचा इशाराही देतात. काम झालं की हा इशारा विझायला हवा. जीपीएक्स कुटुंबातली एन्झाइम पेरॉक्साइडचं पाणी करून तो विझवतात. जीपीएक्स-४ पेशीच्या पटलातल्या मेदाचे पेरॉक्साइड मोडतं, त्यामुळे दाह पेटवणारे काही मेदजन्य पदार्थही आटोक्यात राहतात. शिवाय सेलेनोप्रोटीन एस आहे. पेशीत वाकडीतिकडी घडलेली प्रथिनं बाहेर काढून मोडीत टाकण्याच्या यंत्रणेतलं ते एक प्रथिन. हे काम तुंबलं की पेशीवर ताण येतो आणि ताणलेली पेशी दाहाचे रेणू सोडते.

या सेलेनोप्रोटीन एसबद्दलचा जोआन करन आणि सहकाऱ्यांचा २००५ मधला शोधनिबंध या सगळ्या विषयाचा पाया मानला जातो, म्हणून तो जरा जवळून पाहू. त्यांनी ९२ कुटुंबांतल्या ५२२ माणसांमध्ये या जनुकातल्या १३ जागा तपासल्या आणि त्याच माणसांच्या रक्तात आयएल-६, आयएल-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा हे दाहाचे तीन रेणू मोजले. जनुकाच्या आधी, त्याला चालू-बंद करणारी कळ असते त्या भागात, सुरुवातीपासून १०५ अक्षरं मागे 'जी' या अक्षराऐवजी 'ए' असेल, तर त्याचा तिन्ही रेणूंशी ठळक संबंध दिसला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. पेशींवर मुद्दाम ताण आणला तेव्हा ए असलेली कळ कमी जोमाने चालली. जंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींमध्ये हे जनुक दाबून टाकलं, तर आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा जास्त बाहेर पडले. संख्याशास्त्रातला संबंध आणि पेशीतली कार्यपद्धती एकाच निबंधात जुळवून दाखवणारं इतकं नेटकं काम क्वचित वाचायला मिळतं.

त्यानंतर जे झालं ते या क्षेत्राच्या नेहमीच्या वळणावर गेलं. फिनलंडमध्ये याच जनुकातल्या फरकांचा हृदयविकार आणि पक्षाघाताशी संबंध दिसला, नॉर्वेत गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराशी, जपानमध्ये जठराच्या कर्करोगाशी. आणि जर्मनीत आतड्याच्या दाहाचे रुग्ण तपासले तेव्हा त्या प्रसिद्ध जागेचा रोगाशी संबंध आढळला नाही. आतड्याचा दाह हा तर सगळ्यात थेट प्रश्न. दाह वाढवणारा फरक तिथेच दिसू नये, हे किरकोळ मानून पुढे जाता येत नाही. यामुळे करन यांचं काम खोटं ठरत नाही. रक्तातल्या एका रेणूची पातळी थोडी वर असणं आणि माणूस आजारी पडणं यांच्यात खूप अंतर आहे, आणि ते कापताना बाकीची हजारो जनुकं, वय, वजन, धूम्रपान, संसर्ग असे किती तरी घटक मध्ये येतात. ९२ कुटुंबांत स्पष्ट ऐकू आलेला आवाज हजारोंच्या गर्दीत विरून जातो. एकेक जनुक हेरून त्याचा रोगाशी संबंध लावण्याच्या त्या काळातल्या बहुतेक शोधांची गत अशीच झाली.

जीपीएक्स-१ ची गोष्ट आणखी बोलकी. या प्रथिनात १९८ व्या जागी प्रोलिनऐवजी ल्युसिन बसवणारा फरक अहवालांचा फार लाडका आहे, कारण त्याने एन्झाइमची ताकद कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. हा फरक तिसऱ्या गुणसूत्राच्या ज्या पट्ट्यात आहे, तो पट्टा आतड्याच्या दाहाशी निगडित असल्याचं संपूर्ण जनुकसंच चाळणाऱ्या मोठ्या अभ्यासांतही दिसलं. एखादा विक्रेता म्हणेल, घ्या, झालं सिद्ध! पण त्या पट्ट्यात जनुकांची दाटी आहे. शेजारच्या एमएसटी-१ या जनुकातला एक फरक जीपीएक्स-१ च्या फरकासोबतच पिढ्यान् पिढ्या वारशाने येतो, आणि दोषी कोण म्हणून संशोधकांचं बोट बहुधा त्या शेजाऱ्याकडे जातं. त्याचा सेलेनियमशी काहीही संबंध नाही. म्हणजे अहवालावरचा लाल गोल खरोखरच दाहाच्या धोक्याचा असू शकतो आणि तरीही सेलेनियमच्या गोळीने त्यात तसूभर फरक पडणार नाही, असं घडू शकतं. त्यात हा ल्युसिनवाला फरक युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतो, पूर्व आशियात मात्र विरळा. एका वंशाच्या लोकांवरून काढलेले धोक्याचे आकडे दुसऱ्यांच्या अहवालात जसेच्या तसे छापणं, हाही एक वेगळा गुन्हाच म्हणायचा.

'जाऊ द्या जनुक, रक्तातलं सेलेनियम मोजून गोळी दिली तर?' असं कोणी विचारेल, आणि ते नक्कीच जास्त शहाणपणाचं आहे. फक्त त्यातही एक फसगत आहे. शरीरात दाह पेटला की रक्तातलं सेलेनियम आपोआप खाली येतं. रक्तातून सेलेनियम वाहून नेणारं सेलेनोप्रोटीन पी यकृत कमी बनवतं, रक्तातलं सेलेनियम दुसरीकडे वळतं. त्यामुळे आजारी माणसांच्या रक्तात सेलेनियम कमी दिसतं, आणि ते कमी होतं म्हणून आजार झाला, असा उलटा निष्कर्ष काढायचा मोह होतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अत्यवस्थ झालेल्या रुग्णांमध्ये ही पातळी फारच खाली जाते. मग वरून भरपूर सेलेनियम द्यावं, ही कल्पना सुचणं स्वाभाविक होतं. जर्मनीत हजाराहून अधिक अशा रुग्णांवर ती रीतसर तपासली गेली, दिवसाला १००० मायक्रोग्रॅम शिरेवाटे देऊन. २०१६ मध्ये निकाल आला. मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून सेलेनियम मोजायचंच असेल, तर सोबत सीआरपीसारखी दाहाची खूणही मोजावी, नाही तर आकडा हाती येतो आणि अर्थ निसटतो.

निरोगी माणसांवरचे गोळ्यांचे प्रयोग तर डोळे उघडायला लावणारे आहेत. १९९६ मध्ये लॅरी क्लार्क यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्वचेचा कर्करोग पूर्वी होऊन गेलेल्या १,३१२ जणांपैकी निम्म्यांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं. त्वचेचा कर्करोग टळला नाही, पण प्रोस्टेटचा कर्करोग आणि कर्करोगाने होणारे एकूण मृत्यू कमी दिसले. झालं, सेलेनियमला सुगीचे दिवस आले. ती आशा तपासायला सिलेक्ट नावाचा प्रचंड प्रयोग उभा राहिला, ३५,५३३ पुरुषांचा. २००८ मध्ये तो मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण फायद्याचं चिन्ह नव्हतं. दरम्यान क्लार्क यांच्याच प्रयोगातल्या लोकांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळला, तोही मुळातच सेलेनियम भरपूर असलेल्यांत सर्वाधिक. २०१४ मध्ये सिलेक्टमधूनही तोच सूर निघाला. ज्यांच्या नखांतलं सेलेनियम सुरुवातीलाच वरच्या पातळीवर होतं, त्यांना गोळी दिल्यावर आक्रमक प्रकारच्या प्रोस्टेट कर्करोगाचा धोका जवळपास दुप्पट झाला. डेन्मार्कमध्ये पाच वर्षं रोज ३०० मायक्रोग्रॅम घेतलेल्या गटात पुढच्या वर्षांत मृत्यू जास्त झाल्याचं २०१८ मध्ये नोंदवलं गेलं.

याच्या उलट, स्वीडनमध्ये ४४३ वृद्धांवर झालेल्या प्रयोगात सेलेनियम आणि कोएन्झाइम क्यू-१० एकत्र दिल्यावर हृदयविकाराचे मृत्यू घटले आणि दाहाची खूण असलेलं सीआरपीही उतरलं. तिथल्या मातीत सेलेनियम कमी, लोकांच्या रक्तातही कमी. अमेरिकेत माती त्यामानाने भरलेली. सगळा हिशेब इथे उलगडतो. कमी असलेल्याला दिलं तर फायदा, पुरेसं असलेल्याला दिलं तर काही नाही किंवा नुकसान. या प्रयोगांचे निकाल कोणत्या दिशेला जातील हे ठरवणारी सगळ्यात मोठी गोष्ट सुरुवातीची पातळी होती. जनुकाची दोन अक्षरं तिच्यापुढे फार मागे उभी आहेत.

पातळीचं राज्य किती मोठं असतं, हे चीनमध्ये दिसलं. हेलोंगजियांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयाचे स्नायू निकामी करणारा एक रोग नोंदवला गेला आणि त्याला त्या जागेचंच नाव मिळालं. मातीत सेलेनियम जवळपास नसलेल्या पट्ट्यात तो मुलांना आणि तरुण बायकांना गाठायचा. सत्तरच्या दशकात सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या दिल्यावर तो झपाट्याने ओसरला. कोणाचंही जनुक तपासावं लागलं नाही. त्याच देशात एन्शी भागात मात्र सेलेनियम इतकं जास्त, की साठच्या दशकात लोकांचे केस आणि नखं गळून पडली होती. केशान रोगात कॉक्सॅकी विषाणूचाही हात असावा अशी शंका होती. मेलिंडा बेक यांनी त्यावर केलेला प्रयोग मला या विषयातला सगळ्यात थरारक वाटतो. सेलेनियम न मिळालेल्या उंदरांच्या शरीरातून गेलेला एक निरुपद्रवी विषाणू घातक बनून बाहेर पडला, आणि मग चांगलं खाऊनपिऊन असलेल्या उंदरांचंही हृदय बिघडवू लागला. बदल विषाणूच्या जनुकांत झाला होता. उंदरांची जनुकं होती तशीच होती! कोणाच्या जनुकातला फरक शोधायचा, हा प्रश्न असा अंगावर येतो.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेतो. जनुकानुसार सेलेनियमला मिळणारा प्रतिसाद बदलतो, हे माणसांवर दाखवलेलं आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे कॅथरीन मेप्लान आणि जॉन हेस्केथ यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना सहा आठवडे रोज १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं. सेलेनोप्रोटीन पीच्या जनुकातल्या दोन फरकांनुसार रक्तातल्या प्रथिनांचा प्रतिसाद वेगवेगळा आला. मला हे काम विश्वासार्ह वाटतं. मात्र त्याच अभ्यासात वजन आणि उंचीच्या गुणोत्तरानेही प्रतिसाद बदलला, आणि भाग घेतलेली माणसं होती ७५. सहा आठवड्यांत एखाद्या प्रथिनाची पातळी हलली, यावरून वीस वर्षांनी त्या माणसाचे सांधे, आतडी किंवा रक्तवाहिन्या सुखरूप राहतील, असं ते संशोधकही म्हणत नाहीत. म्हणतो तो अहवाल.

अहवाल काय काय म्हणू शकतो, याची अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये चांगलीच झडती घेतली होती. तपास करणाऱ्यांनी चार संकेतस्थळांवरून पोषणविषयक जनुकीय चाचण्या मागवल्या. १४ काल्पनिक ग्राहक तयार केले, प्रत्येकाचं वय, वजन, सवयी वेगवेगळ्या लिहिल्या. नमुने मात्र दोनच माणसांचे, नऊ महिन्यांची एक मुलगी आणि ४८ वर्षांचा एक पुरुष. १४ पैकी १२ पाकिटांत त्या तान्ह्या मुलीचाच नमुना होता. जनुकं एकच असताना सल्ला बदलत गेला, कारण तो प्रश्नावलीतल्या उत्तरांवरून बेतला जात होता. धूम्रपान करतो लिहिलं की 'धूम्रपान सोडा'. काही ठिकाणी 'खास तुमच्या जनुकांसाठी' म्हणून वर्षाला सुमारे १,२०० डॉलरची पूरकं गळ्यात मारली गेली, आणि तशीच जीवनसत्त्वं बाजारात ३५ डॉलरच्या आसपास मिळत होती. तंत्र तेव्हापासून खूप सुधारलं आहे. आता अक्षरं अचूक वाचली जातात. अक्षरापासून सल्ल्यापर्यंतची उडी मात्र तेवढीच लांब आहे.

'गोळीने नुकसान काय होणार आहे, फार तर पैसे जातील' हा युक्तिवाद सेलेनियमच्या बाबतीत मुळीच चालत नाही. प्रौढाला दिवसाला लागतं साधारण ५५ मायक्रोग्रॅम. वरची मर्यादा अमेरिकेत ४०० धरली जाते, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. गरज आणि धोका यांच्यात इतकं कमी अंतर असलेली पोषणद्रव्यं थोडीच आहेत. आहारातून शंभरएक मायक्रोग्रॅम आधीच मिळत असतील आणि अहवाल वाचून कोणी २०० ची गोळी रोज घेऊ लागलं, तर तो माणूस युरोपीय मर्यादा ओलांडून बसतो, अगदी लेबलवरचा आकडा बरोबर असला तरी. तो बरोबर असेलच असंही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवर लिहिलेल्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम गेलं आणि २०१ जणांना विषबाधा झाली. केस गळणं, नखं खराब होणं, सांधे दुखणं, जुलाब. आरोग्य सुधारायला निघालेली माणसं होती ती.

सेलेनियमच्या जनुकशास्त्राला टाकाऊ ठरवायचा माझा मुळीच इरादा नाही. जिथे त्याची खरी गरज आहे तिथे ते जीव वाचवू शकतं, निदान वर्षानुवर्षं चाललेली निदानाची वणवण थांबवू शकतं. एसबीपी-२ चं जनुकच बिघडलं, तर सगळीच सेलेनियम-प्रथिनं अडतात आणि थायरॉइडच्या तपासण्यांत चक्रावून टाकणारे आकडे येतात. २००५ मध्ये एका सौदी बेदुइन कुटुंबात हे पहिल्यांदा उलगडलं. सेलेनोप्रोटीन एनचं जनुक बिघडलेल्या मुलांचा पाठीचा कणा ताठरतो, श्वासाचे स्नायू दुबळे होतात. अशा घरांना जनुकाची तपासणी वेळेवर आणि परवडेल अशी मिळायला हवी. संशोधनाचा पैसा आणि प्रयोगशाळांचे हात तिकडे वळावेत. सार्वत्रिक, सौम्य फरकांचे लाल-पिवळे गोल छापण्यात ते खर्ची पडू नयेत.

दुसरा उपयोग विक्रेत्यांना रुचणार नाही, पण तो फार चतुर आहे. काही माणसांच्या रक्तात जन्मजात जनुकांमुळेच सेलेनियम थोडं जास्त राहतं. पाचव्या गुणसूत्रावरचे असे फरक माहीत आहेत. जनुकं जन्माआधी वाटली जातात, नंतरचा आजार ती बदलू शकत नाही. म्हणून जास्त सेलेनियमची जनुकं मिळालेले लोक खरोखर कमी आजारी पडतात का, हे पाहिलं तर दाहामुळे पातळी उतरण्याचा घोळ टळतो. अशी तुलना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी केली गेली आणि संरक्षण दिसलं नाही. सिलेक्टने कोट्यवधी डॉलर आणि कित्येक वर्षं घालून जे सांगितलं, तेच. पुढचा मोठा प्रयोग उभा करण्याआधी ही तपासणी सक्तीची करावी, इतकी ती स्वस्त आणि प्रामाणिक आहे.

स्वतःच्या डीएनएची माहिती मिळवण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, सरकारने मध्ये पडू नये, असंही म्हटलं जातं. हक्क मलाही मान्य आहे. अक्षरं द्या, जनुकाचं नाव द्या, हवं तर सगळी कच्ची माहिती ग्राहकाच्या हवाली करा. आक्षेप आहे तो 'म्हणून हे घ्या' या वाक्याला. ते वाक्य छापलं की विक्रेता सल्लागार होतो, आणि सल्लागाराला पुरावा मागता येतो. लोकसंख्येच्या पातळीवर काही करायचं असेल, तर फिनलंडचं उदाहरण समोर आहे. तिथल्या मातीत सेलेनियम कमी होतं, म्हणून १९८४ मध्ये खतांत ते मिसळायचा निर्णय झाला. मग धान्य, दूध, रक्त यांतली पातळी सातत्याने मोजली गेली, आणि ती जास्त चढतेय असं दिसल्यावर १९९० मध्ये प्रमाण कमी करण्यात आलं, पुढे पुन्हा थोडं वाढवण्यात आलं. कोणाच्या जनुकाकडे न पाहता, पण मोजमापाकडे सतत पाहत.

जनुकवार गोळ्या विकायच्याच असतील, तर काय सिद्ध करावं लागेल हे सांगणं अवघड नाही. एका गटाला जनुकाप्रमाणे सेलेनियम द्या, दुसऱ्याला रक्तातली पातळी आणि सीआरपी पाहून, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी. मोजायचे ते आजार आणि मृत्यू, रक्तातल्या एखाद्या रेणूची हालचाल नव्हे. मधुमेह आणि केस गळण्याची नोंदही पहिल्या दिवसापासून ठेवा. जनुकवाला गट पातळीवाल्या गटाच्या पुढे गेला, तर परवाना द्यावा. असा प्रयोग करायला सगळ्यात सोयीच्या जागी या चाचण्या विकणाऱ्या कंपन्याच आहेत. ग्राहकांचे नमुने त्यांच्याकडे आधीच जमलेले आहेत आणि यशाचा नफाही त्यांनाच मिळणार आहे. तेव्हा खर्च त्यांनी करावा, प्रयोगाची नोंदणी आधी जाहीर करावी, आणि निकाल विरुद्ध गेला तर तोही प्रसिद्ध करण्याची अट परवान्याच्या अर्जातच असावी.